एमसीआर चप्पल, तीन ऋतू वापरल्यावर: बधिर पायांसाठी काय टिकलं, काय नाही

शुगरमुळे पाय बधिर झाले की डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळ्यांखाली बऱ्याचदा एक ओळ असते: एमसीआर चप्पल वापरा. चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात जातो. दुकानदार ‘डायबेटिक चप्पल’ म्हणून काहीतरी मऊमऊ पायात घालतो, चार पावलं चालायला लावतो आणि विचारतो, कसं वाटतंय? इथेच घोळ होतो. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, तो चप्पल बरी की वाईट हे काय सांगणार? उलट बधिर पायाला घट्ट चप्पलच नीट बसल्यासारखी वाटते, कारण घट्टपणा तेवढा जाणवतो. म्हणून असे लोक हमखास एक नंबर लहान घेतात आणि करंगळीच्या कडेला जखम करून बसतात. ही चप्पल डोळ्यांनी, हातांनी आणि मोजपट्टीने निवडायची. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढून झाल्यावर पुढचं लिहिलं आहे, आणि त्यातलं बरंचसं ‘कसं वाटतं’ यापेक्षा ‘काय दिसतं’ यावरच आहे.

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बंद छिद्रांचं मऊ रबर. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी ते आपल्याकडे कित्येक दशकं वापरात आहे, शुगरवाल्यांकडे नंतर आलं. चपलेत आतला थर एमसीआरचा, साधारण 10 मिलीमीटर जाड, आणि त्याखाली कडक रबराचा तळ. दोन्ही थर लागतात. आतला थर टाचेवर आणि चवड्यावर येणारा दाब पसरवतो, खालचा थर साधा काटा आणि काच अडवतो. बाजारात नुसत्या मऊ फोमची चप्पल याच नावाने मिळते. ती हातात घेऊन आतल्या बाजूला अंगठा जोरात दाबावा. रबर दबलं पाहिजे, पण अंगठ्याला खालचा कडक तळ लागता कामा नये, आणि अंगठा उचलल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. साध्या फोममध्ये खळगा रेंगाळतो. अशी चप्पल दोन-तीन महिन्यांत टाचेखाली बसते.

मापाची पद्धत सोपी आहे. दुकानात संध्याकाळी जावं, तोवर पाय दिवसभराच्या सुजेसकट असतात. घरून निघण्यापूर्वी कागदावर उभं राहून दोन्ही पायांभोवती पेन्सिल सरळ धरून रेघ मारावी आणि कागद कापून सोबत न्यावेत. बसून काढलेला ठसा लहान येतो. कागद चपलेत ठेवला की कुठेही दुमडता कामा नये, आणि सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक सेंटीमीटर जागा उरली पाहिजे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट पुढे असतं. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धरावं.

वरचा पट्टा रुंद हवा, आतून अस्तर हवं, आणि बोट फिरवल्यावर शिवणीची गाठ लागता कामा नये. टाचेमागे पट्टा हवाच. तो नसेल तर चप्पल निसटू नये म्हणून बोटं आकसून धरली जातात आणि बोटांच्या टोकांवर घट्टे येतात. अंगठ्याची रिंग किंवा दोन बोटांमधली पट्टी अजिबात नको. म्हणजे आपली कोल्हापुरी बाद. अथणी-निपाणीकडच्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, पण कडक चामडं, अंगठ्याची गोल पट्टी आणि सपाट तळ हे तिन्ही बधिर पायाला वाईट. लग्नाकार्यात दोन तास बसून घालायचीच असेल तर घालावी. वरातीत चालू नये.

नवी चप्पल पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घालावी, काढावी आणि पाय बघावेत. लाल चट्टा असेल तर घड्याळ लावावं. वीस-पंचवीस मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर तिथे पट्टा दाबतो आहे, तो सैल करून किंवा बदलून घ्यावा. ‘वापरून वापरून सैल होईल’ हा सल्ला ज्यांच्या पायांना दुखलेलं कळतं त्यांच्यासाठी आहे. रोज तासभर वाढवत आठवडाभराने पूर्ण दिवसावर यावं.

पावसाळ्यात या चपलेचं खरं रूप कळतं, विशेषतः खानापूरकडच्या पावसात. रबराला काही होत नाही, ते पाणी फारसं शोषत नाही. सुटतो तो चिकटवलेला जोड. पुढच्या टोकाला, जिथे पाऊल मुडपतं तिथे, आधी केसाएवढी फट दिसते. मग त्यात चिखल शिरतो आणि बारीक खडे अडकतात. फट दिसली त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावी. दुसरं म्हणजे वेल्क्रो. आकड्यांमध्ये चिखल, केस, मोज्याचे धागे भरले की पट्टा चालताना आपोआप उघडतो आणि माणूस त्यावरच पाय देतो. जुन्या दातांच्या ब्रशने आठवड्याला साफ केला तर टिकतो. वेल्क्रोचं टोक वाळून वर वळलं की ते घोट्याला घासतं, तेवढं कात्रीने गोल कापून टाकावं. चामड्याचा पट्टा असलेला जोड पावसात दोन दिवस वाळत नाही. परवडत असेल तर रेक्झिनच्या पट्ट्याचा दुसरा जोड ठेवावा.

ओल्या पायांत चिखल्या होतात हे सगळ्यांना माहीत आहे. साध्या पायाला चिखल्या म्हणजे खाज. बधिर पायाला ती जंतू आत शिरायची वाट. बाहेरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या फटी सुती फडक्याने एकेक करून टिपाव्यात. पांढरी, फुगलेली कातडी दिसली तर बुरशीचं औषध डॉक्टरांना विचारून लावावं. कातडी मऊ करायचं क्रीम किंवा तेल बोटांच्या फटीत लावू नये. भातलावणीला एमसीआर चप्पल निरुपयोगी, ती चिखलात रुतून बसते. तिथे गमबूट घालावेत, आत सुती मोजे घालून, आणि दोन-तीन तासांनी काढून पाय कोरडे करावेत. घाम आणि पाणी आत कोंडलं की काठ पिंडरीला घासून सोलतो.

शेताबद्दल आणखी एक. कापलेल्या उसाचे बुडखे आणि भाताची धसकटं कडेने लागतात. तिथे उघडी चप्पल कामाची नाही, बंद बूट हवेत. बाभळीचा काटा तर रबराच्या तळातून आरपार येतो. म्हणून चप्पल घालण्याआधी झटकायची, आत हात फिरवायचा आणि तळ उलटा करून बघायचा. तळाला रुतलेला काटा उपटून काढल्यावर आतून पुन्हा हात फिरवावा, टोक मोडून आत राहिलेलं असतं.

थंडीत चपलेपेक्षा कातडीची कटकट जास्त. नसा (मज्जातंतू) बिघडल्या की पायाला घाम येणंही कमी होतं, कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात. मागे उघडी असलेली चप्पल त्यात भर घालते. रात्री 10 टक्के युरियाचं क्रीम टाचेला आणि तळव्याला चोळून वर सुती मोजे घातले की पंधरा दिवसांत फरक दिसतो. जाड भेगांना 20-25 टक्क्यांचं लागतं. खानापूर-जांबोटीकडे भेगांत कोकमतेल वितळवून भरतात. तेल चांगलंच आहे, धोका वितळवण्यात आहे. पळीत गरम करून थेट भेगेत सोडलं की बधिर टाच भाजते आणि कळतसुद्धा नाही. तेल हाताच्या मनगटावर थेंबभर टाकून पाहावं, नाहीतर तेलाचा घट्ट गोळा तसाच न वितळवता घासावा. बंबाच्या पाण्याचंही तेच: पाय बुडवण्याआधी कोपराने बघावं. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, हीटर यांपासून पाय लांब. घट्टे आणि भोवऱ्या ब्लेडने कापू नयेत. औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅपही लावू नये, त्यातलं ॲसिड भोवरीबरोबर चांगली कातडीही खातं.

उन्हाळ्यात डांबरी रस्ता चपलेतून लागत नाही, हा मोठा फायदा. प्रश्न येतो चप्पल काढावी लागते तिथे. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काला दुपारी फरशीवर अनवाणी उभं राहिलेल्या बधिर पायांना फोड येतात. ते घरी आल्यावर दिसतात. सकाळी लवकर जावं, जाड सुती मोजे पायात ठेवावेत. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत असेल तर ते घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावं. देवीला त्याचं वाईट वाटणार नाही. गाडीवर मागे बसताना सायलेन्सरची बाजू सांभाळावी. चप्पल घोट्याला झाकत नाही आणि भाजल्याचा वास आला तरच कळतं.

मोजे पांढरे किंवा फिके घ्यावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. शिवण जाड असेल तर उलटे घालावेत. घट्ट इलॅस्टिकचे नकोत.

आता चप्पल संपली कशी ओळखायची. वरून ती चांगली दिसते, इथेच लोक फसतात. आतला थर चिमटीत धरून टाचेजवळ आणि कडेला, जिथे पाय पडत नाही तिथे, जाडी ताडून बघावी. टाचेची जाडी निम्म्यावर आली असेल तर त्या चपलेत आणि साध्या स्लीपरमध्ये फरक उरलेला नाही. वजन जास्त आणि चालणं जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आसपास आतला थर बदलावा लागतो, कमी वापरात वर्षभर जातो. टेबलावर ठेवून मागून बघितलं आणि चप्पल एका बाजूला कललेली दिसली तर तळ एका कडेने झिजला आहे. ती घालत राहिलं तर दाबही त्याच कडेला येतो.

चप्पल काय करत नाही हेही सांगायला हवं. रात्रीची आग, मुंग्या, विजेसारख्या चमका यांवर तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटीन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं असतात. ती लहान डोसपासून वाढवतात आणि आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात. प्रीगाबालिनने पाय सुजू शकतात, मग काल बसणारा पट्टा आज रुततो. डॉक्टरांना सांगावं आणि तोवर पट्टा सैल ठेवावा. ॲमिट्रिप्टिलिनने म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडू शकते. शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल आणि घर शाकाहारी असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्यावं, चिकोडी-निपाणीकडे अशी घरं पुष्कळ आहेत. त्याची कमतरताही नसा बिघडवते आणि ती भरून काढता येते. ताकदीच्या म्हणून खाल्लेल्या गोळ्यांत बी-6 फार असेल तर त्यानेही पाय बधिर होतात, पाकिटावरचं प्रमाण वाचावं. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नसेल तर पायथ्याला पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्यावरून चादर सोडावी. आग होते म्हणून बर्फ लावू नये.

तोलाचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही. जाड तळामुळे जमिनीचा उरलासुरला अंदाजही कमी होतो. बधिर पायांचा माणूस डोळ्यांवर तोल सांभाळतो, म्हणून तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. एक हात बेसिनवर हवा, आणि मोरीच्या वाटेवर रात्रभर लहान दिवा. ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत तळ घसरतो, खाच असलेला तळ मागून घ्यावा. चारचाकी चालवणाऱ्यांना पेडलचा अंदाज लागत नाही, ही या चपलेबद्दलची सर्वांत गंभीर तक्रार. पायाला पेडलच कळत नसेल तर दोष चपलेचा नाही, गाडी दुसऱ्याने चालवावी.

रोज रात्री पाय बघण्याचं काम चपलेने सुटत नाही. तळव्याखाली आरसा धरावा, वाकता येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघावा. दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू ठेवून ऊब ताडून बघावी. एकाच जागी एक पाय दुसऱ्यापेक्षा हाताला स्पष्ट जाणवेल इतका गरम असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर आत काहीतरी सुरू आहे. चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवावं. पाय एकदम सुजला, लाल झाला, गरम लागतो आणि दुखत मात्र नाही, तर त्यावर भार देणं थांबवून त्याच दिवशी जावं. त्यात हाडं आतून मोडत असू शकतात. जखम झालेल्या किंवा आकार बदललेल्या पायाला तयार एमसीआर चप्पल पुरत नाही. ठसा घेऊन बनवलेलं पादत्राण किंवा प्लास्टर लागतं, त्यासाठी मोठ्या इस्पितळाच्या ऑर्थोटिक (आधाराची साधनं बनवणाऱ्या) विभागात विचारावं.

घरातही अनवाणी फिरायचं नसल्यामुळे आतला आणि बाहेरचा असे दोन जोड लागतात, हा खर्च आधीच धरावा. झोपताना मात्र चप्पल नको. ज्या घरात उंदीर आहेत तिथे मोजे घालून किंवा मच्छरदाणी नीट खोचून झोपावं, बधिर बोटं उंदराने कुरतडलेली सकाळी कळतात.

दुरुस्ती कोपऱ्यावरच्या कारागिराकडे चालते, एका अटीवर. चप्पल हातात देतानाच सांगावं, ‘आण्णा, खिळा मारू नका, चिकटवा आणि कडेने शिवा.’ न सांगता दिली तर सवयीने दोन चुका (बारीक खिळे) ठोकल्या जातात, आणि महिनाभरात रबर दबलं की चुकेचं टोक आत वर येतं. चप्पल परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच आत हात फिरवून बघावा.