वसाहतकालीन बागांचा अभ्यास: सरकारी दप्तर की मेमसाहेबांच्या मार्गदर्शिका?

मुंबई इलाख्यातल्या बागांवर काम करायचं तर साधनं मुख्यतः दोन. पहिलं, सरकारी बागेचं दप्तर. पुण्याजवळची दापोडीची बाग १८२८ ची. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये इलाख्याचे वनसंरक्षकही झाले, त्यामुळे औषधी झाडं आणि जंगलतोड एकाच माणसाच्या लिखाणात सापडतात. पर्यावरणाच्या इतिहासाला याला तोड नाही. मात्र वाटलेल्या रोपांच्या याद्या जपून वाचाव्यात: रोप वाटलं म्हणजे जगलं असं नाही. शिवाय लॅटिन नावं पुढे बदलली. आजचं नाव आधी पडताळावं.

दुसरं, घरगुती मार्गदर्शिका, म्हणजे इथे घर चालवणाऱ्या मेमसाहेबांसाठीची सल्ल्याची पुस्तकं. ताटात काय आलं हे शोधताना याच कामाच्या. फुलकोबीची रोपं कधी लावायची, कोणतं विलायती बी फसतं, सगळं यांत. कांदा आणि पार्सनिपचं (गाजरासारखी एक विलायती मूळभाजी) बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागतं. त्यात दमट जहाजप्रवास, तोही १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडण्यापूर्वी बहुधा आफ्रिकेला वळसा घालून! मटार त्या मानाने टिकायचा. पण हे सगळे सल्ले; प्रत्यक्षात किती पाळले गेले ते वेगळं. मोट हाकणारा माळी दोन्हीकडे बहुधा बिननावाचाच. त्याचा माग काढायला दप्तरातली पगारपत्रकं, मिळाली तर, आधी उघडावीत.