टेबलावरचे छोटे प्रिंटर, एक मोठं मशीन, की भाड्याचं? ऑफिससाठी ठरवायच्या आधी हे वाचा

ऑफिसात प्रिंटर घ्यायचा विषय निघाला की बोलणं लगेच मॉडेल, मिनिटाला किती पानं, कलर की ब्लॅक अँड व्हाइट याच्यावर जातं, आणि उद्यापासून ज्याला दिवसभर "अरे माझी प्रिंट येत नाहीये" ऐकायचंय त्याला कोणी काही विचारतच नाही. हे त्याच माणसासाठी लिहितोय. म्हणजे ज्याच्या पदात कुठेही आयटी नाही पण हाक त्यालाच मारली जाते, किंवा आयटीत आहे पण एकटाच आहे.

समोर साधारण तीन पर्याय असतात. दोन-तीन टेबलांत मिळून एक छोटा प्रिंटर, असे सात-आठ. किंवा सगळ्यांना मिळून एक मोठं मल्टिफंक्शन मशीन (प्रिंट, कॉपी, स्कॅन सगळं एकातच) विकत घ्यायचं आणि वर एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, करायचा. किंवा तेच मोठं मशीन भाड्याने, पानामागे पैसे. माझं मत आधीच सांगतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: वीस-तीस लोक, रोज छपाई, असं ऑफिस असेल तर भाड्याचं मशीन घ्या आणि जोडीला एक साधा ब्लॅक अँड व्हाइट लेझर स्वतःचा ठेवा. मशीन कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी कधी ना कधी बंद पडणारच, मग ते बंद पडल्यावर वेळ कोणाचा जाणार हे बघून निवडायचं, वेग आणि बाकीचं नंतर.

आधी छोट्या प्रिंटरचं बघू, कारण बहुतेक ऑफिसं तिथूनच सुरू होतात आणि तिथेच अडकतात.

फायदा खरा आहे. एक बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात, काम थांबत नाही. अकाउंट्स किंवा एचआरचे कागद दुसऱ्याच्या हाती पडत नाहीत. पण होतं काय की हे प्रिंटर एकदम घेतले जात नाहीत, एक यावर्षी, दोन पुढच्या वर्षी, एक कुठल्यातरी ऑफरमध्ये, आणि बघता बघता पाच मॉडेल होतात, पाच ड्रायव्हर (कंप्युटरला प्रिंटरशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर), पाच प्रकारचे टोनर, आणि कपाटात नेमका तोच टोनर नसतो जो आज संपलाय. म्हणून छोटेच घ्यायचे असतील तर सगळे एकाच मॉडेलचे घ्या, एवढं एक पाळलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

आणि यूएसबीवाला प्रिंटर एका कंप्युटरला जोडून बाकीच्यांना शेअर करायचा प्रकार तर अजिबात करू नका. ज्याच्या कंप्युटरला जोडलाय तो रजेवर गेला, त्याने तो कंप्युटर बंद केला की सगळ्यांची प्रिंट बंद. वर २०२१ पासून अजून एक त्रास वाढलाय. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या भागात, प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी सुरक्षेची भोकं सापडली, मग ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागायला लागले. सुरक्षेसाठी ते बरोबरच होतं, पण त्यामुळे आधी जो माणूस स्वतःच प्रिंटर जोडून घ्यायचा तो आता प्रत्येक वेळी तुमच्याकडे येतो पासवर्ड टाकायला. लॅनवाला, म्हणजे थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडता येणारा, प्रिंटर घ्या, थोडे जास्त पैसे जातील पण जाऊ द्या.

छोट्यातच पुढचा प्रश्न, इंक टँक की लेझर. दुकानदार इंक टँक पुढे करतो कारण पानामागचा खर्च खूप कमी दिसतो, आणि तो कमी असतोच, त्यात खोटं काही नाही. पण ती इंक पातळ असते आणि बारीक नोझलमधून येते, म्हणजे प्रिंटर पंधरा दिवस पडून राहिला की इंक सुकून नोझल चोक व्हायला लागतात, मग हेड क्लीनिंग मारा, पुन्हा मारा, प्रत्येक क्लीनिंगला इंक जाते आणि ती वाया गेलेली इंक आत एका पॅडमध्ये साठते. ते पॅड भरलं की प्रिंटर एक दिवस चांगला चालता चालता थांबतो आणि सर्व्हिसला न्या म्हणतो. काही मॉडेलना हे पॅड डब्यासारखं बाहेरून बदलता येतं, तसंच मॉडेल बघून घ्या. काहींचं प्रिंट हेडही घरच्या घरी बदलता येतं, काहींचं येत नाही, हे घेतानाच विचारा.

लेझरमध्ये इंक नाहीच, टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड असते आणि २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला फ्यूजर ती कागदावर वितळवून चिकटवतो. महिनाभर बंद ठेवला तरी सुकायला काही नसतं. पानावर पाणी पडलं तरी अक्षरं पसरत नाहीत. पण तो फ्यूजर तापताना एकदम वीज खेचतो, त्यामुळे लेझर यूपीएसवर लावू नका, वेगळ्या पॉइंटवर द्या, नाहीतर प्रिंट मारली की त्याच यूपीएसवरचे कंप्युटर बंद पडायचे. रोज थोडं थोडं कलर छापणारं ऑफिस असेल तर इंक टँक चालेल. कधी दिवसाला शंभर पानं, कधी आठवडाभर काहीच नाही, असं असेल तर लेझर, दुसरा विचारच नको.

टोनरच्या खोक्यावर जे "इतकी पानं" लिहिलेलं असतं ते वाचून हिशोब मांडू नका. ते आकडे ठरलेल्या टेस्ट पेजवर काढतात, ज्यात पानाचा साधारण ५ टक्के भागच काळा होतो, म्हणजे मोजक्या ओळींचं साधं पत्र समजा. तुमच्याकडे भरगच्च टेबलं, लोगो, राखाडी पट्टे असतील तर त्याच्या निम्म्यातही संपू शकतो. आणि ड्रम (ज्याच्यावरून टोनर कागदावर उतरतो तो रोल) वेगळा आहे की टोनरच्या कार्ट्रिजमध्येच, हेही बघा. वेगळा असेल तर टोनर स्वस्त पडतो पण काही महिन्यांनी ड्रमचा खर्च अंगावर येतो, तो कोणी आधी सांगत नाही.

आता मोठं मशीन. एकच ड्रायव्हर, एकच टोनर, एकच जागा, दोन्ही बाजूंनी प्रिंट, ए३, स्कॅन, सगळं. सांभाळायला एकदम सोपं, जोवर चालू आहे तोवर. बंद पडलं की सगळं ऑफिस तुमच्या टेबलाभोवती, म्हणून तो जोडीचा छोटा लेझर मी सोडत नाही.

मोठं मशीन घेताना लोक प्रिंटचा वेग बघतात, पण नंतर सगळ्यात जास्त रडवतं ते स्कॅन. विशेषतः सेकंडहँड किंवा जुनं मॉडेल घेतलं तर. जुनी मशीनं फोल्डरमध्ये स्कॅन टाकायला एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉल वापरतात आणि विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून तो बाय डिफॉल्ट येत नाही. म्हणजे नवा कंप्युटर आणला की त्याच्यावर स्कॅन जातच नाही, मशीनवर नुसतं "कनेक्शन फेल" येतं आणि व्हेंडरचा माणूस येऊन सांगतो की मशीन ठीक आहे, तुमच्या कंप्युटरचा प्रॉब्लेम आहे. मग तो तोच जुना प्रोटोकॉल चालू करून देतो आणि निघून जातो. तो चालू करू देऊ नका, त्यात धोका आहे, रॅन्समवेअर त्याच वाटेने पसरलेलं आहे. ईमेलवर स्कॅनचंही तसंच, जीमेलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डने बाहेरच्या उपकरणांना लॉगिन देणं बंद केलं, आता ॲप पासवर्ड, म्हणजे त्या मशीनपुरता वेगळा पासवर्ड, करून द्यावा लागतो, आणि हे माहीत नसलेल्या ऑफिसांत चांगलं मशीन नुसतंच खराब ठरवलं जातं. तेव्हा घेताना विचारा: एसएमबी २ किंवा ३ (त्याच प्रोटोकॉलच्या नव्या आवृत्त्या) चालतं का, मेल सुरक्षित पाठवायला लागणारं टीएलएस आहे का. विकणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर तो पुढे सपोर्ट काय देणार ते तिथेच कळतं.

ड्रायव्हरबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होणार, पुढे आयपीपी आणि मोप्रिया (कुठल्याही कंपनीच्या प्रिंटरला चालणारी छपाईची सामाईक पद्धत आणि तिचं सर्टिफिकेट) असलेले प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्याच ड्रायव्हरवर चालतील. म्हणून आज नवीन घेताय तर मोप्रिया सर्टिफाइड आहे का एवढं बघूनच घ्या, मोठं असो की छोटं.

काही त्रास मात्र तिन्ही पर्यायांत सारखेच आहेत, त्यासाठी मशीन बदलून उपयोग नाही. "ऑफलाइन दाखवतंय" हा त्यातला सगळ्यात मोठा. बऱ्याचदा राउटरने प्रिंटरला नवीन आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिलेला असतो आणि कंप्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरमध्ये त्या प्रिंटरचा आयपी रिझर्व्ह करा आणि कंप्युटरवर प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या डब्ल्यूएसडी पोर्टऐवजी ठरलेल्या आयपीवर जाणारा साधा टीसीपी/आयपी पोर्ट टाका, मग रोजची ती हाक खूप कमी होते. दुसरं, विंडोज १० पासून डिफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलायची सेटिंग आहे, शेवटचा वापरलेला तोच डिफॉल्ट, त्यामुळे माणूस पीडीएफ करतो आणि मग पुढचं सगळं पीडीएफमध्येच जातं आणि तो ट्रेसमोर उभा. ती सेटिंग सगळ्यांच्या कंप्युटरवर बंद करून टाका. तिसरं, ट्रेमध्ये ए४ भरलेला आहे तरी मशीन कागद मागतंय, तेव्हा फाइल उघडून बघा, तिचा साइज लेटर असतो, रुंदीला ६ मिलिमीटर जास्त आणि उंचीला १८ मिलिमीटर कमी, आणि मशीन बिचारं तो कागद कोणीतरी घालेल म्हणून थांबून राहतं आणि मागच्या सगळ्यांच्या प्रिंट अडकतात.

आता एएमसी की भाडं, इथे नीट बसून वाचा कारण सगळा फरक इथेच आहे.

एएमसीत वर्षाचे पैसे आधी गेलेले असतात. मशीन बंद असेल तेवढे दिवस व्हेंडरचं काहीच जात नाही, तुमचं जातं. भाड्यात तो पानामागे कमावतो, पानं मोजणारं मीटर थांबलं की त्याची कमाई थांबली, म्हणून माणूस लवकर पाठवायची गरज त्यालाही असते. टोनर संपत आला की तो स्वतः फोन करतो. हा स्वभावाचा फरक नाही, पैसे कुठून येतात त्याचा आहे, आणि मला भाडं पटतं ते एवढ्याच कारणासाठी.

एएमसीच करायची असेल तर "कॉम्प्रिहेन्सिव्ह" शब्दावर जाऊ नका, काय काय वगळलंय ती यादी मागा. फ्यूजर, ड्रम, कागद ओढणारे रोलर हे बऱ्याच कागदांत "कन्झ्युमेबल" म्हणून बाहेर काढलेले असतात, आणि खराब होतात नेमके तेच. आणि "चार तासांत रिस्पॉन्स" म्हणजे चार तासांत दुरुस्ती नव्हे, चार तासांत फोन आला तरी त्यांच्या लेखी रिस्पॉन्स झाला. किती वेळात चालू करून देणार, आणि नाही झालं तर बदली मशीन कधी येणार, हे लिहून घ्या.

भाड्याच्याही अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. महिन्याला कमीत कमी इतक्या पानांचे पैसे द्यायचेच अशी अट असते, तुम्ही छापा की नका छापू. ए३ चं एक पान दोन मोजलं जाऊ शकतं. आणि पानभर काळा मजकूर, खाली फक्त एक निळी लिंक, तरी ते कलर पान म्हणून मोजलं जातं, म्हणून ड्रायव्हरमध्ये डिफॉल्ट ब्लॅक अँड व्हाइट करून ठेवा, ज्याला कलर हवं तो निवडेल. मशीन नवीन आहे की आधी कुठे चालून आलेलं, ते पहिल्या दिवशी मीटरचं पान छापून पाहा आणि ते पान जपून ठेवा. करार संपून मशीन परत जाताना आतली हार्ड डिस्क पुसून घ्यायची, बऱ्याच मोठ्या मशीनांत ती असते आणि तुमच्या कागदांच्या प्रती तिच्यात राहिलेल्या असू शकतात. ही अट आधीच करारात टाका, जाताना कोणी ऐकत नाही.

महिन्याला थोडकीच पानं असतील तर मात्र भाडं घेऊ नका, त्या कमीत कमी पानांच्या अटीतच पैसे जातील. दोन एकाच मॉडेलचे लेझर घ्या आणि एक टोनर जास्तीचा ठेवा, बास. व्हेंडरचा माणूस यायलाच दिवस जातो अशा ठिकाणी ऑफिस असेल तरी हेच करा.

आणि सपोर्टला फोन करायच्या आधी, कुठलाही पर्याय घेतला असला तरी, मशीनच्या काचेवर एक कागद ठेवून कॉपी मारा. कॉपी स्वच्छ आली तर छापणारा भाग ठीक आहे, गडबड कंप्युटर, ड्रायव्हर किंवा नेटवर्कमध्ये शोधायची. कॉपीवरही रेघ आली तर मशीनवरूनच त्याचं टेस्ट पेज काढा, त्याच्यावरही तीच रेघ असेल तर ड्रम किंवा टोनर, नसेल तर स्कॅनरची काच पुसा. एवढं करून, सिरियल नंबर आणि एरर कोड हातात ठेवून फोन केलात की "बंद करून चालू करा" ऐकत बसावं लागत नाही, आणि चुकीचा माणूस चुकीचा पार्ट घेऊन येत नाही.

सही करायच्या आधी डेमो मागा, तो तुमच्याच ऑफिसात, तुमच्याच कागदावर. दहा पानं दोन्ही बाजूंनी छापा, ऑफिसातल्या सगळ्यात नव्या आणि सगळ्यात जुन्या दोन्ही कंप्युटरच्या फोल्डरमध्ये स्कॅन पाठवून दाखवायला सांगा, आणि टोनर कसा बदलायचा ते त्याच्याकडून नाही, तुमच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांकडून करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही रजेवर असलात तरी कोणीतरी तो बदलू शकेल.