दोघांत तिसरा बोलवावा की सगळ्यांना विचारावं? विकिपीडियावरचा वाद कुठे न्यायचा

तुम्ही घातलेलं वाक्य कुणीतरी काढलं. तुम्ही परत घातलं, ते परत गेलं. इंग्रजी विकिपीडियावर असाल तर इथेच हात आवरा. एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवणाऱ्याला प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले संपादक, ब्लॉक करू शकतात. पण तीन वेळा उलटवायची मुभा आहे, असा याचा अर्थ नाही. संपादन युद्ध दिसलं की त्याआधीही कारवाई होते.

पहिली पायरी चर्चापानाची, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानाची. ती चुकवता येत नाही. तिथे दोन-चार वेळा नीट बोलूनही गाडी अडली, तर खरी निवड सुरू होते.

वाद फक्त दोघांचा असेल तर माझा कौल 'तिसरं मत' या सोयीला. वादाशी संबंध नसलेला एक संपादक चर्चा वाचतो आणि आपलं मत लिहितो. ते कुणावरही बंधनकारक नसतं, तरीही बरेच वाद त्यावर मिटतात. दोघांनाही संदर्भ पाठ झालेले असतात, अडतं ते माघार घेण्यावर. तिसऱ्याचं ऐकून मागे सरणं सोपं जातं. चर्चेत आणखी कुणी उतरलेलं असेल तर मात्र ही सोय तुमच्यासाठी नाही.

मग 'आरएफसी', म्हणजे सगळ्यांकडून मतं मागवणं. ही चर्चा साधारण ३० दिवस चालते. प्रश्नाचा परिणाम अनेक लेखांवर होणार असेल, तर इतका वेळ द्यायलाच हवा. ग्दान्स्क या शहराचं उदाहरण घ्या. पोलिश नाव ग्दान्स्क, जर्मन नाव डान्झिग. भक्कम संदर्भ दोन्हींना आहेत, त्यामुळे आणखी पुरावे आणून वाद सुटणारा नव्हता. २००५ मध्ये कौल घेतला गेला आणि काळानुसार वाटणी ठरली: १३०८ ते १९४५ साठी डान्झिग, १९४५ नंतर ग्दान्स्क. एवढ्या मोठ्या प्रश्नात एकट्या तिसऱ्या माणसाचं मत कुणी मानलं नसतं.

एरवी मात्र आरएफसी म्हणजे मतदान नव्हे. शेवटी निष्कर्ष काढणारा डोकी मोजत नाही, कुणाचा मुद्दा धोरणाला धरून आहे ते पाहतो. म्हणून आपल्या बाजूची माणसं गोळा करून आणू नका, ते अंगाशी येतं.

सगळं अडतं प्रश्नाच्या शब्दांवर. 'लेखातली ही जाहिरातबाजी चालू द्यायची का?' असं विचारलंत की पुढचा आठवडा प्रश्नावरच भांडण. 'दुसऱ्या परिच्छेदातलं पुरस्काराचं वाक्य ठेवावं का?' एवढंच विचारा. तुमची बाजू खाली, वेगळ्या प्रतिसादात, सहीनिशी मांडा.

वाद तिघा-चौघांचा असेल आणि सगळे बोलायला तयार असतील, तर वाद निवारण फलक पाहा. तिथे एक स्वयंसेवक चर्चा पुढे नेतो. भाग घ्यायची सक्ती कुणावरच नाही, त्यामुळे समोरचा आलाच नाही तर तो मार्ग संपला. जुन्या मजकुरात भेटणारी औपचारिक मध्यस्थी समिती २०१८ मध्येच बंद झाली, ती शोधू नका.

लवाद समितीचं नाव ऐकून पुष्कळ जण तिकडे धावतात. २००४ पासून काम करणारी ही समिती लेखात काय लिहावं हे ठरवत नाही. माणसांच्या वागणुकीचे, इतर कुठेच न सुटलेले वाद ती हाताळते. 'माझा संदर्भ बरोबर आहे' एवढंच म्हणणं असेल तर तिथे काहीच हाती लागणार नाही. त्यासाठी विश्वसनीय स्रोतांचा फलक आहे. तिथे जाताना तीन गोष्टी द्या: लेखाचं नाव, संदर्भाचा दुवा आणि त्या संदर्भाच्या आधाराने लिहायचं नेमकं वाक्य. वाक्य न देता 'हा स्रोत चालेल का?' असं विचारलंत, तर पहिला उलट प्रश्न 'कशासाठी?' हाच येतो.