जुनी माळ घेताना: लाखेवरची बोरमाळ की पोवळ्याची माळ?

लेकीसाठी किंवा सुनेसाठी जुनी माळ घ्यायची म्हटलं की लातूर-संभाजीनगरच्या सराफ्यात या दोन्ही माळा समोर येतात. पैसे एकीपुरतेच असतील तर माझा कौल बोरमाळेला. पारख मात्र दोन्हींची एकाच जागी होते: मण्याच्या भोकाशी. वरून झिलई कशालाही देता येते. भोकाची कड वर्षानुवर्षं दोऱ्यावर घासलेली असते, तिथं काही लपत नाही.

बोरमाळेचा मणी म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. भिंग लावून भोकात बघा. आत तपकिरी लाख आणि झिजलेली कडही पिवळीच, तर खूण चांगली. कडेला तांबूस रंग उघडा पडलाय किंवा हिरवट गंज धरलाय, तर मुलामा समजा. लोहचुंबकावर विसंबू नका, तांबं-पितळही त्याला चिकटत नाही. कॅरेट मोजायचं मशीन वरचाच थर वाचतं, जाड मुलाम्याला तेही फसतं. त्यापेक्षा समोर बसून कसोटीवर कस लावून घ्या. आणि लाखेची घट, म्हणजे लाखेपोटी वजनातून केलेली वजावट, किती धरली ते आधी विचारा, नाहीतर लाख सोन्याच्या भावानं घरी येते.

शिक्का बहुधा मण्यावर नसतो, फाशावर किंवा कडीवर असतो, आणि तो त्या तुकड्यापुरताच खरा. फासा मागाहून बदललेला असू शकतो. सोन्याच्या शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का, म्हणजे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) हॉलमार्किंग, २००० साली सुरू झालं, त्यामुळे आजीच्या माळेवर ते नसलं तरी माळ खोटी ठरत नाही. जुन्या फाशावरची दोन-तीन अक्षरं बऱ्याचदा सराफाची असतात, त्यातून शुद्धता कळत नाही. बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ (म्हणजे २२ कॅरेट) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख क्रमांक दिसला, तर तो २०२१ किंवा त्यानंतरचा शिक्का. क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, आणि जुन्या माळेला आता शिक्का मारलाय की माळच नवी आहे, तेही विचारा.

पोवळ्याचा रंग पैठणीवर असा खुलतो की मन तिकडेच ओढतं. पण मोडायला गेलात तर मण्यांचं फारसं काही येत नाही. खऱ्या पोवळ्यावर भिंगातून बारीक समांतर रेघा दिसतात, काचेत बुडबुडे किंवा साच्याची शिवण. प्लास्टिक हलकं लागतं, काच मात्र वजनाला जवळपास पोवळ्याइतकीच. रंगवलेल्या मण्याचा रंग भोकाशी साठून गडद होतो. लिंबू पिळून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका: पोवळं चुनखडीचं, आंबटानं त्याची झळाळी जाते. घाम आणि अत्तरही त्याला सोसत नाही. बोरमाळेला जपायचं ते गरम पाण्यापासून, लाख मऊ पडते.

कुणी तेर-पैठणच्या प्राचीन वस्तीच्या टेकाडावर सापडलेले अकीकाचे मणी दाखवले तर हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांच्या विक्रीला १९७२च्या कायद्यानं परवाना लागतो. तसले मणी तेरच्या लामतुरे संग्रहालयात डोळे भरून पाहावेत.

सौदा पटला की पैसे देण्याआधी जुना दोरा सोडवून मणी ताटात मोकळे करायला सांगा, एखाद-दुसरा नवा मिसळलेला असेल तर तिथंच दिसतो. पावतीवर सोन्याचं वजन आणि लाखेची घट वेगवेगळी लिहून घ्या, मग माळ पटवेकऱ्याकडे गाठवायला द्या.