बावधनची बीएसए एम२०: बघितली, चालवली, घेतली नाही (अजून)

रविवारी सकाळी पुण्यात बावधनला एक बीएसए एम२० ही जुनी मोटरसायकल बघून आलो. एका काकांची, विकायला आहे, १९४२ ची, मिलिटरीची, "फुल ओरिजिनल", सव्वाचार लाख. एवढं कळल्यावर मला कसली झोप लागतेय, त्यात नाना पेठेतले आमचे गाड्यांचे मिस्त्री म्हणाले चल मी पण येतो, मग काय गेलोच.

महिंद्राच्या क्लासिक लीजंड्सने २०२४ ला इथे आणलेली नवी बीएसए गोल्ड स्टार वेगळी, तिचा हिचा नावापुरताच संबंध. ही जुनी बर्मिंगहॅमची बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळचे बंदुका बनवणारे, म्हणून तर लोगोत तीन रायफली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी यांनी सव्वा लाखाच्या आसपास एम२० काढल्या. ४९६ सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला) आणि ताकद फक्त १३ हॉर्सपॉवर. हो, पाचशे सीसीत तेरा. हल्लीची कुठलीही दीडशेची गाडी हिला आरामात मागे टाकेल, पण ही पळायला बनवलेलीच नाही, ओझं ओढायला बनवलीये.

पार्किंगमध्ये गाडी पुठ्ठ्यावर उभी, पुठ्ठ्यावर ऑइलचा हा मोठा डाग. चालू करायचा सोहळा असतो, कार्बोरेटरचं टिकलर (छोटं बटण) दाबून पेट्रोल वर आणायचं, डाव्या हँडलवरची इग्निशनची दांडी मागे घ्यायची, डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून पिस्टन टॉपच्या जरासा पुढे आणायचा आणि मग एकच सलग किक, घाई केली तर पाय गेलाच समजा. तिसऱ्या किकला चालू झाली आणि पार्किंगभर निळा धूर. काकांचा चेहराच पडला, "अहो असा कधी करत नाही हो!" मिस्त्री नुसते हसले. या गाडीची ऑइलची टाकी वेगळी असते, गाडी आठवडाभर उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी, उतरतं आणि चालू केल्यावर तेच जळतं. पाच मिनिटांत धूर गायब, फायरिंग एकदम मस्त. त्या धुराला घाबरून आधीची दोन गिऱ्हाइकं परत गेली म्हणे.

चालवताना मजा आणि भीती दोन्ही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, जुन्या बुलेटवाल्यांना सवय असेल, मी पहिल्याच स्पीडब्रेकरला ब्रेक समजून गिअर दाबला. मागे सस्पेन्शन नाहीच, सीटच्या स्प्रिंगा तेवढ्या, खड्डे मणक्यात मोजून घ्यायचे. चांदणी चौकाकडचा चढ मात्र अर्ध्या थ्रॉटलवर टुकटुक करत अशी चढली की मला उतरावंसंच वाटेना.

आता ते "फुल ओरिजिनल". पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) टेलिस्कोपिक आहे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. १९४२ च्या एम२० ला गर्डर फोर्क (दांड्यांचा सांगाडा आणि वर एक स्प्रिंग) यायचा, टेलिस्कोपिक आला १९४८ ला, आणि हा तर मिस्त्रींच्या मते सरळ बुलेटचा. इंजिनचे बोल्ट व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, त्यांना कोणीतरी मेट्रिक पाने लावून कोपरे गोल करून ठेवलेत (अरे जुन्या बाजारात शोधलं तर मिळतात की व्हिटवर्थचे पाने, मी स्वतः आणलेत). वर टाकीला क्रोम! लढाईच्या गाडीला क्रोम कशाला, लांबून चमकायला? काका म्हणाले "क्रोमलाच चाळीस हजार गेले हो." मला त्या चाळीस हजारांचंच वाईट वाटलं.

इंजिन नंबर डब्ल्यूएम२० ने सुरू होतो, चांगलं आहे. चासी नंबर इंजिनशी जुळत नाही म्हणून घाबरू नका, बीएसए त्या काळी कंपनीतूनच वेगवेगळे नंबर टाकायची. दोन्ही आरसीशी जुळले पाहिजेत, आणि इथे चासी नंबर पेंटखाली बुजलाय, खरवडल्याशिवाय वाचता येत नाही. शिवाय आरसी ज्यांच्या नावावर आहे ते वारलेत. "आरटीओचं मी बघतो ना" असं काका म्हणतात, पण वारसांच्या सह्या काका कुठून आणणार? २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण मग रोज चालवायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच.

आम्ही पावणेतीन लाख म्हणालो, तेही कागद काकांच्या नावावर झाल्यावर. काका नाही म्हणाले. गेटपर्यंत सोडायला आले आणि सहज बोलून गेले, "तो जुना फोर्क ना, माळ्यावर पडलाय, या दिवाळीत भंगारात द्यायचाय." मिस्त्रींनी माझा हात असा दाबला की बस.

परवा पेढे घेऊन परत जातोय.