आयकर पोर्टलचं ‘ई-प्रोसिडिंग्ज’: नोटिशीची खिडकी कशी चालते, कुठे अडते

आयकर पोर्टलवरची ‘ई-प्रोसिडिंग्ज’ म्हणजे नोटिशीला ऑनलाइन उत्तर द्यायची सेवा हौसेने कुणी उघडत नाही. स्क्रूटिनीची, म्हणजे रिटर्नच्या सखोल तपासणीची, नोटीस आली की मात्र तिच्याशिवाय गत्यंतर नाही. २०२१ पासून बहुतेक असेसमेंट (करआकारणी) आयकर कायद्याच्या १४४बी कलमाखाली फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता, चालतं. अधिकारी कोण, कुठल्या शहरात बसलाय, काही कळत नाही. टेबलासमोर बसून ‘साहेब, ते असं झालं’ सांगायची सोय संपली. जे अपलोड झालं तेवढंच तुमचं म्हणणं.

आधी नोटीस खरी आहे का ते बघा. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, नोटिशीवरचा डिन (दस्तऐवज ओळख) क्रमांक टाकून पडताळणी होते. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर हा क्रमांक असतो. पोर्टलवरची ही सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात चोख सोय. दुसरी नजर तारखेवर. १४३(२) ची, म्हणजे स्क्रूटिनी सुरू करणारी, नोटीस रिटर्न भरलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत यावी लागते. जुलै २०२४ मध्ये भरलेल्या रिटर्नवर ती ३० जून २०२५ नंतर बजावली असेल, तर पहिला मुद्दा तोच.

‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसिडिंग्ज’ उघडलं की नोटीस आणि उत्तर द्यायचं बटण समोर येतं. इथे बरेचजण एका ठिकाणी फसतात. उत्तर ‘पार्शियल’ (अपूर्ण) की ‘फुल’ (पूर्ण) असं विचारलं जातं, आणि घाईत ‘फुल’ दाबलं जातं. पाठवलेलं उत्तर नंतर दुरुस्त करता येत नाही. बँकेचं एखादं स्टेटमेंट जरी यायचं बाकी असेल तरी ‘पार्शियल’च निवडा. मुदतवाढ हवी असेल तर अर्ज मुदतीच्या आत टाका. १४२(१) खाली माहिती मागणाऱ्या प्रश्नावलीकडे दुर्लक्ष केलंत तर प्रत्येक चुकीला १०,००० रुपये दंड लागू शकतो, आणि वर १४४ खाली अधिकारी स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवून मोकळा होतो.

एका फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे, आणि तीच डोकेदुखी. मोबाइलवर काढलेले पासबुकाचे फोटो तसेच जोडले तर दहा पानांतच मर्यादा संपते. बँकेकडून पीडीएफ स्टेटमेंट घ्या, नाहीतर कृष्णधवल स्कॅन करा. फाइलच्या नावात चिन्हं नकोत, आणि ‘स्कॅन००१७’ असलं नाव तर नकोच. उत्तराच्या पत्रात प्रश्नाचा क्रमांक, खाली उत्तर, त्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. फाइलचं नावही त्याच क्रमांकाने. समोरच्या अनोळखी माणसाला शोधाशोध करावी लागली की उत्तर ‘असमाधानकारक’ ठरायला वेळ लागत नाही.

मेहुण्याकडून घेतलेल्या पाच लाखांचंच घ्या. ‘घरगुती उसनवारी’ एवढं लिहून भागत नाही. मेहुण्याचं सही केलेलं पत्र, त्याचा पॅन, रक्कम गेली त्या दिवसाचं त्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याचं रिटर्न, असा संच लागतो. देणारा कोण, त्याची ऐपत होती का, व्यवहार खरा का, हे तिन्ही दिसलं पाहिजे. त्याच्या खात्यात आदल्याच दिवशी पाच लाख रोख भरलेले दिसले तर पुढचा प्रश्न तयार समजा. रक्कम ६८ कलमात अडकली, म्हणजे खुलासा न पटलेली जमा ठरली, तर १९६१ च्या कायद्याखालच्या अलीकडच्या वर्षांना ६० टक्के कर, त्यावर अधिभार आणि उपकर धरून ७८ टक्के होतात. पाच लाखांतले ३ लाख ९० हजार गेले.

कारणे दाखवा नोटीस आली की व्हिडिओ सुनावणी मागता येते. मागाच. लेखी उत्तर मात्र आधी अपलोड झालेलं हवं. पाठवल्यावर मिळणारा ट्रान्झॅक्शन आयडी आणि पोच जपून ठेवा. पुढे अपिलात ‘उत्तर दिलंच नाही’ या वाक्याला तोच कागद उत्तर देतो. रेकॉर्ड राहण्याच्या बाबतीत ही सेवा जुन्या आवक-जावक पद्धतीपेक्षा कितीतरी बरी, हे मान्य करायला हवं.

डिमांडचा, म्हणजे विभागाने काढलेल्या कराच्या मागणीचा, विभाग वेगळा, ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’. तिथे ‘डिमांड बरोबर आहे’ हा पर्याय सहज म्हणून निवडू नका, मागे फिरता येत नाही. भरायचीच असेल तर चलान ४०० क्रमांकाखाली, डिमांडचा संदर्भ क्रमांक निवडून. सवयीने ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंटखाली भरलं की पैसे सरकारजमा होतात आणि डिमांड मात्र तशीच उभी दिसते. ३० दिवस उलटले की महिन्याला एक टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. ८४,००० च्या डिमांडवर दोन दिवसांचा उशीर ८४० रुपयांना पडतो. ऑर्डरच मान्य नसेल तर अपिलाचा फॉर्म ३५ भरायलाही ३० दिवसच असतात.

पगारातून टीडीएस कापला पण मालकाने भरलाच नाही, म्हणून डिमांड आली असेल तर ‘डिसअ‍ॅग्री’ निवडा आणि पगारपत्रकं व पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट जोडा. कापलेला कर करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं २०५ कलमच सांगतं. उत्तरात कलमाचा क्रमांक लिहायला विसरू नका.