चहा येण्याआधी पुसलेला लॅपटॉप

दुकानदाराने माझ्यासमोर फॉरमॅट मारला, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्याचे वर ६०० रुपयेही दिले. त्यामुळे आपण फसलोय अशी शंका यायला चार महिने गेले. तीही माझी मला आली नाही, एका अनोळखी मुलाच्या फोनमुळे आली.

"काकू, तुम्ही लॅपटॉप विकला होता का? काळा, डाव्या बिजागरीपाशी तडा गेलेला?"

मी फोन ठेवणारच होते. हल्ली नंबर अनोळखी असला की मी समोरच्याला ओटीपीपर्यंत पोचूच देत नाही. पण तडा त्याला कसा माहीत? मुलगा इंजिनिअरिंगला. त्याचा प्रोजेक्ट चुकून डिलीट झाला, म्हणून त्याने फुकट मिळणारं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. प्रोजेक्ट सापडला, आणि सोबत माझ्या भाच्याच्या मुंजीचे फोटो, माझा बायोडेटा आणि आमच्या सोसायटीतल्या चौदा घरांची आधार, पॅन आणि बँक स्टेटमेंट्सही निघाली. माझा नंबर त्याने बायोडेटावरूनच घेतला.

चौदा घरांची कागदपत्रं माझ्याकडे कशी, ते सांगते. मी अकरा वर्षं एका सीएच्या ऑफिसात होते. नोकरी सोडली तरी जुलै आला की शेजारपाजारचे लोक आयकराचं रिटर्न भरून घ्यायला फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कागद) घेऊन बेल वाजवतात. पैसे घेत नाही, फार तर पेढ्यांचा पुडा. सगळं त्याच लॅपटॉपवर. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो काय? नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ही दोन्ही त्याच लॅपटॉपवरच्या रिटर्नमध्ये लिहिलेली. कुलूप आणि किल्ली मी एकाच खणात ठेवली होती.

आता दुकानातला प्रसंग. पेठेतलं जुनं दुकान, ओळखीतून मिळालेलं. साडेसात हजारांत सौदा ठरला. मी म्हटलं, "लोकांचे कागद आहेत यात, कायमचे गेले पाहिजेत." तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यासमोर करतो. त्याचे ६०० कट होतील." पेन ड्राइव्ह लावला, दोनचार वेळा एंटर, मग फॉरमॅट. पोऱ्या चहा घेऊन आला तोवर स्क्रीनवर नवीन विंडोज चढायला लागलं होतं. "आता ब्रह्मदेव आला तरी काही मिळणार नाही," असं म्हणून त्याने कप माझ्यापुढे सरकवला. मी निश्चिंत मनाने चहा प्यायले.

तिथेच मला कळायला हवं होतं. ५०० जीबीची हार्ड डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत खरंच पुसायची तर दीड-दोन तास सहज जातात. त्याने केला तो क्विक फॉरमॅट. सोसायटीच्या जिन्याखालच्या बोर्डावरून सगळ्यांची नावं काढून टाकावीत, तसा. बोर्ड कोरा दिसतो, माणसं आपापल्या घरात बसलेलीच असतात. नवीन कोणी राहायला येईपर्यंत, म्हणजे त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत, जुना डेटा तिथेच असतो. नवीन विंडोज काही जागा व्यापतं, बाकीची डिस्क जशीच्या तशी. रिसायकल बिन रिकामा करण्याचंही तेच.

मी त्या ६०० रुपयांची चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली. "फॉरमॅट आणि विंडोज, ६०० रुपये. दोन्ही केलं ना मॅडम?" तुम्हीच म्हणालात ना कायमचं जाईल, असं विचारलं तर "ते बोलण्यात आलं असेल." ब्रह्मदेवाचा उल्लेख चिठ्ठीवर नव्हता. लॅपटॉप त्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिला होता, त्याच्याकडून त्या मुलाकडे गेला. मधल्या काळात कोणी काय पाहिलं, काय कॉपी केलं, ते कळायला मार्ग नाही.

हे मी एवढ्यासाठी सांगते की याच्या दोन महिने आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन सुरू झाले होते. त्यांचे कागद माझ्या लॅपटॉपमधून गेले की कुठल्या झेरॉक्सवाल्याकडून, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता येत नाही, हाच त्रास आहे.

त्या रविवारी मी चौदाही दारं वाजवली. सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केलं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो प्रत्येकाचा काढून अनोळखी कर्ज आहे का ते पाहिलं. आजोबांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवली. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र पोर्टल उघडत बसू नका, आधी १९३० ला फोन करा. त्यात तासांचा हिशोब असतो.

आणि विकायचाच असेल तर दुकानात पुसून घेऊच नका, घरी पुसून न्या. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमधून 'रिसेट धिस पीसी' आणि त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या. पण पुढे 'चेंज सेटिंग्ज' मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' स्वतः चालू करावं लागतं. ते सहसा बंदच असतं आणि लोक तिथेच फसतात. रात्री लावून झोपा, चार्जर जोडलेला ठेवा. ज्यांना कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीची भीती वाटत नाही त्यांनी विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून डिस्कपार्ट या विंडोजच्याच टूलमध्ये 'क्लीन ऑल' द्यावं, ते पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं. नुसतं 'क्लीन' नको, ते क्षणात होतं आणि तेवढंच वरवरचं. डिस्कचा नंबर दोनदा तपासा, नाहीतर बॅकअपची डिस्क साफ व्हायची. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क असेल तर वरून शून्यं लिहिण्यावर फार विसंबू नका. ती डेटा स्वतःच्या सोयीने इकडेतिकडे ठेवते. पहिल्या दिवसापासून विंडोजच्या बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता न येणारं कुलूप, चालू ठेवणं आणि विकताना कंपनीच्या टूलने सिक्युअर इरेज करणं बरं.

मी आता याहून सोपं करते. बऱ्याच जुन्या लॅपटॉपची डिस्क दोनचार स्क्रू काढले की हातात येते. ती काढून घ्यायची आणि लॅपटॉप डिस्कशिवाय विकायचा. हजारेक रुपये कमी मिळतात, मिळू देत.

त्या मुलाने डिस्क स्वतःहून आणून दिली. नवीन डिस्कचे पैसे देऊ केले तर आढेवेढे घेत निम्मेच घेतले. जुनी डिस्क माझ्या कपाटात आहे, आमच्या यांनी ड्रिलने तीन भोकं पाडलेली.

या जुलैत अकरा घरं आली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यात नव्हत्या. जिन्यात भेटतात, भाजी कुठून आणली विचारतात. रिटर्नचा विषय त्याही काढत नाहीत, मीही काढत नाही.